जुन्या धक्क्यावरची कालवं

२ जून

टिटवे,

फोन केला तर तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा नजर टाकतोच. आणि तू तर पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस.

घरी सगळं बरं आहे. आईंना ऐकू कमी येतं, पण जे ऐकू नये ते बरोब्बर येतं. दादा विश्रांती घेतोय.

आता मुद्द्याचं. खाडीतली आपली कालवं गेली. सगळी. मे महिन्यात पाणी असं तापलं की ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर कुणी आंघोळीला पाणी काढून ठेवलंय असं वाटावं. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मग एका सकाळी वास आला. तराफ्याखालच्या माळा ओढून वर घेतल्या, तर एकूण एक शिंपी आ वासून. जिवंत कालव कसं ओठ मिटून बसतं, सुरी घातली तरी ऐकत नाही! आणि दोन जिवंत कालवं एकमेकांवर आपटली की भरीव आवाज येतो. ही नुसती खडखडत होती. तुझा दादा एकेक माळ वाजवत गेला. दुसऱ्या तराफ्यापाशीच त्याला कळलं होतं, पण शेवटच्या तराफ्यापर्यंत वाजवत गेला.

तू म्हणालीस तसं झालं, एवढंच कळवायला मी लिहीत नाहीये. ते तुला बातम्यांतून कळलं असेलच. "पाणी तापतंय, आंबट होतंय, चार-पाच वर्षांत ही खाडी कालवांना सोसणार नाही," असं तू जेवताना म्हणालीस आणि त्याने ताट सरकवून म्हटलं, "ओरडली टिटवी. आता घरात चांगलं काही व्हायचं नाही." ज्याने लहानपणी लाडाने ते नाव ठेवलं, त्यानेच ते असं फेकून मारलं. तू बॅग उचललीस. मला वाटलं, भावंडांचं भांडण, उतू जाईल आणि खाली बसेल. बसलं नाही. आणि आता तर नवीनच पंचाईत झालीये. चुकीचं बोललेल्या माणसाला माफ करता येतं गं. खरं ठरलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्याला समजत नाहीये.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. काल मी बर्फवाल्याच्या होडीतून खाडीच्या तोंडाशी, जुन्या पडक्या धक्क्यावर गेले होते, आपला एक सुटा बांबू तिकडे वाहत जाऊन अडकला होता म्हणून. तिथल्या दगडांना चिकटलेली ती खुरटी कालवं तुला आठवतात ना? फोडताना नाकी नऊ येतात आणि आत खायला नखाएवढंही निघत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ती जिवंत आहेत! मी दगडाने ठोकून बघितली. ओठ मिटून बसलीयेत, राग आल्यासारखी.

मला सांग, खाडी तीच, पाणी तेच. उलट ती तर ओहोटीला पाण्याबाहेर उघडी पडतात, काळ्या दगडावर, भर उन्हात. मी हात टेकला तर चटका बसला. आपली पाण्यात राहून मेली आणि ही तव्यावर बसून जगली. असं का?

तुझी वहिनी

उत्तर बर्फवाल्याच्या पत्त्यावर पाठव. का, ते विचारू नकोस.


१९ जून

टिटवे,

तुझं पत्र मिळालं. बर्फवाल्याने ते लादीवर ठेवून आणलं, त्यामुळे अर्धी शाई पसरलेली, पण वाचलं. चार पानं कालवांवर आणि शेवटी एक ओळ, "आईची काळजी घे." दादाचं नावसुद्धा नाही. त्याचंही तसंच, तुझं नाव काढत नाही. एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

आईंना मी ते वाचून दाखवलं. दाखवलं म्हणजे ओरडून सांगितलं. धक्क्यावरची कालवं रोज उन्हात भाजतात, रोज पाण्यात परत येतात. ज्यांना ते सोसलं नाही ती केव्हाच मरून गेली, उरली ती चिवट, आणि त्या चिवटांचीच पिल्लं पुढे तिथे वाढत गेली. शिवाय रोजच्या भाजण्यामुळे त्यांचं शरीर दुरुस्तीचं सामान कायम तयार ठेवतं, उष्णतेने आत काही बिघडलं की लगेच डागडुजी. त्याचीच किंमत म्हणून ती खुरटी राहतात, कारण खाल्लेलं सगळं डागडुजीत जातं, अंगाला लागत नाही. बरोबर सांगितलं ना? आई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेसारखं." आणि माझ्याकडे बघून इतक्या हसल्या की ठसका लागला.

तू विचारलंस, बाकीच्या जिवांचं काय चाललंय. मी बंदरावर विचारलं. बांगडा किनाऱ्याजवळ मिळेनासा झालाय, गार पाण्यासाठी खोल गेलाय म्हणतात, होड्यांना लांबवर जावं लागतं. माकूळ यंदा फार लवकर आलं आणि लवकर गेलं. जाळ्यात एक पिवळ्या पट्ट्यांचा मासा येतोय, म्हाताऱ्यांनीही तो कधी बघितला नव्हता. विकणारी त्याला "पाहुणा" म्हणते आणि बांगड्याच्या भावात खपवते. धक्क्यावरच्या गोगलगायी पूर्वी दगडाच्या माथ्यावर असायच्या, आता सगळ्या फटीत, सावलीच्या बाजूला सरकल्यात. तू म्हणतेस तेच दिसतंय, ज्याला पाय किंवा पंख आहेत तो हलतो. कालव बिचारं एकदा चिकटलं की चिकटलं. त्याला जागा बदलता येत नाही, स्वतःच बदलावं लागतं.

तुझी सूचना वाचली. धक्क्यावरची कालवं टाकीत ठेवायची, पाणी जरा ऊन करून त्यांच्याकडून बी सोडवून घ्यायचं, त्या बीची पिल्लं वाढवून आपल्या तराफ्यांवर लावायची. वाचायला सोपं आहे. पण धक्क्यावर जायचं तर होडी वल्हवणारा हवा, आणि टाकी धुवायची तर एक माणूस हवा.

म्हणून आता खरं लिहिते. दादा विश्रांती घेत नाहीये. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. दाढी वाढलीये. ताट ठेवलं की दोन घास खातो आणि परत भिंत. मी बोलले, रागावले, एकदा रडूनही बघितलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, औषध देते, पण त्याला घरातून बाहेर काढा. कसं काढू? ज्या खाडीत बाहेर काढायचं, त्या खाडीनेच त्याला आत ढकललंय.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण तू लगेच निघून आली असतीस, आणि त्याने तुझ्या तोंडावर दार लावलं असतं.

वहिनी


२८ जून

टिटवे,

आधीच सांगते, सगळे सुखरूप आहेत. आता वाच.

परवा पावसाने उघडीप दिली होती. सकाळी उठले तर तुझा दादा अंथरुणात नाही. अंगणात नाही. किनाऱ्यावर गेले तर होडी नाही. ज्या माणसाने इतके दिवस उंबरा ओलांडला नाही, तो कुणाला न सांगता होडी घेऊन समुद्रावर जातो, याचा अर्थ मी काय घ्यायचा? तू घेतला असतास तोच घेतला.

आईंना सांगितलं नाही. बर्फवाल्याला हाक मारली. त्याने बर्फ तसाच टाकून इंजिनाची होडी काढली. खाडीतून बाहेर पडलो तर समोर आपली होडी. रिकामी. वल्ही आत, दोरी पाण्यात लोंबतेय. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. बर्फवाला म्हणतो, मी त्याच्या सात पिढ्यांना हाका मारल्या.

मग त्यानेच बोट दाखवलं. "वहिनी, ते काय?"

जुन्या धक्क्याच्या टोकाला, चारी बाजूंनी भरतीचं पाणी, आणि मधल्या दगडावर तुझा दादा. कमरेपर्यंत भिजलेला, गुडघ्यांत एक पोतं धरून, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा बसलेला.

"होडी कुठंय?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"गेली."

"गेली म्हणजे?"

"गाठ सुटली. मी खाली वाकलो होतो. वर बघितलं तर ही निघाली फिरायला."

"आणि तू काय करतोयस इथे?"

त्याने पोतं उघडून दाखवलं. कालवं. खुरटी, वेडीवाकडी, दगडाच्या कपच्यांसकट खरवडलेली. "सगळ्यात वरच्या रांगेतली घेतलीत," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त वेळ उन्हात असतात ती."

"तुला कुणी सांगितलं?"

"तू. रोज आईला इतक्या मोठ्याने वाचून दाखवतेस, अख्ख्या आळीला पाठ झालंय. मी भिंतीकडे तोंड केलं होतं, कान नव्हते केले."

टिटवे, मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच दगडावर बसून पोटभर रडून घेतलं. बर्फवाला दुसरीकडे बघत शीळ घालत राहिला. आणि तुझा दादा काय म्हणाला असेल? "रडून झालं असेल तर पोतं धर. ऊन चढायच्या आत टाकीत टाकायला हवीत."

इतक्या दिवसांत त्याने मला सांगितलेलं हे पहिलं काम. मी ते पोतं असं धरलं की हाताला शिंपा कापल्या तरी सोडलं नाही.

घरी आलो. आईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दाढी कर. कालवं घाबरतील." केली.

वहिनी


९ सप्टेंबर

टिटवे,

तुझं पार्सल मिळालं. त्या हिरव्या पाण्याच्या बाटलीवर नाव लिहून पाठवत जा. आईंनी सरबत समजून पेल्यात ओतलं होतं, तोंडाला लावणार तेवढ्यात मी धावले. "पिल्लांचं खाणं आहे ते!" "मग मीही एकेकाळी पिल्लूच होते," म्हणाल्या.

पण बातमी चांगली नाही. बी सुटलं होतं, तू सांगितलंस तसंच. पाणी जरा ऊन केलं आणि टाकीत दुधासारखा ढग पसरला. तुझा दादा खुर्ची टाकून समोर बसला, जणू नाटक आहे. तुझा जुना सूक्ष्मदर्शक कपाटावरून खाली आला. काचेखाली ती पिल्लं गरगर फिरताना बघितली आणि तो म्हणाला, "अरे, ही तर पोहतात! कालवं पोहतात!" सगळा जन्म कालवांत गेला, पण त्यांचं बाळपण त्याने कधी बघितलं नव्हतं.

मग ती बसली खाली. टाकीच्या तळाशी पिठासारखी. काचेखाली बघितलं तर शिंपल्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. एकही हलत नव्हतं.

मी घाबरले होते की आता परत भिंत. त्याने टाकीच्या काठावर हात टेकले. मग म्हणाला, "त्या तज्ज्ञ बाईंना विचार, मोठी कालवं टिकली तर पिल्लं का मेली."

"कुठल्या तज्ज्ञ बाई?"

"तुला माहितीये कुठल्या."

तर तज्ज्ञ बाई, उत्तर द्या. आणि यापुढे पत्र घरच्याच पत्त्यावर पाठव. बर्फवाल्याच्या लादीची आता गरज नाही.

वहिनी


२० ऑक्टोबर

टिटवे,

सोडा! एवढ्या मोठ्या समुद्राचं दुखणं आणि औषध काय, तर स्वयंपाकघरातला सोडा. टाकीतलं पाणी आंबट झालं की पिल्लांना शिंपलं बांधता येत नाही, बांधतील तेवढं विरघळतं, मोठ्यांचं शिंपलं जाड असतं म्हणून ती तग धरतात, हे तू लिहिलंस ते आईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पित्त झालं होतं होय! मग मला आधी विचारायचं."

तू पाठवलेल्या आंबटपणा मोजायच्या पट्ट्यांचे रंग बघत बघत तुझ्या दादाने चिमूटचिमूट सोडा घातला. दर खेपेला पट्टी बुडवायची, खिडकीशी नेऊन रंग ताडायचा, मग पुढची चिमूट. मीठ घालताना तो कधी एवढा विचार करत नाही. तू बजावलं होतंस तेही त्याने ऐकलंय, की हा टेकू फक्त बाळपणापुरता आहे, समुद्रात सोडा टाकून भागणार नाही. तिथे त्यांचं त्यांनाच निभवावं लागेल.

दुसऱ्या खेपेची बरीच मेली, पण सगळी नाही. उरलेली पोहत राहिली, मोठी झाली, मग त्यांना पाय फुटला. खरंच फुटला, आम्ही बघितला! इवलासा पाय काढून जागा चाचपडत फिरतात. आम्ही जुन्या शिंपल्यांच्या माळा आत सोडल्या होत्या. काल दादाने एक माळ वर काढून उन्हाकडे धरली. शिंपल्यावर मिरपूड सांडल्यासारखे ठिपके. नखाने खरवडून बघितलं, निघत नाहीत. चिकटलीत.

"चिकटली," तो म्हणाला.

"चिकटली?" आई बाहेरून ओरडल्या. हे मात्र ऐकू आलं.

आज त्याने तराफ्यांचे बांबू बदलायला काढलेत. आणि टिटवे, त्याने एक केलंय ते मला फार आवडलं. एका बाजूला या पिल्लांच्या माळा आणि अगदी शेजारी बाहेरून आणलेल्या नेहमीच्या बीच्या माळा लावणार आहे. मी विचारलं, दोन्ही कशाला? म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात कुणी म्हणायला नको की नशिबाने वाचली. नशीब असेल तर दोन्ही वाचतील." हे बोलणं कुणासारखं आहे, ते मी त्याला सांगितलं नाही.

वहिनी


१६ मे

टिटवे,

पाणी तापलंय. गेल्या वर्षीसारखंच, बंदरावरचे म्हणतात त्याहून जास्त. वारा पडलाय.

तुझा दादा सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जाऊन नुसता उभा राहतो. माळा वर काढून बघत नाही. मी म्हटलं, बघून तरी ये. तो म्हणाला, "तापलेल्या जिवाला हात लावू नये. ताप उतरू दे." मला कळेना, हा कालवांबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल.

जेवतो मात्र. तेवढं एक बरं आहे. मी रोज ताट घेऊन जाते आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघते. अजून खाडीकडेच आहे.

आई रोज सकाळी दारात उभ्या राहून वास घेतात. "नाही," म्हणतात आणि आत येतात.

मला झोप लागत नाही. तू म्हणाली होतीस ना, या कालवांच्या सहनशक्तीलाही शेवट आहे, खात्री कुणीच देऊ शकत नाही. एकदा तरी खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? पण नाही, तू बोलणार नाहीस. आणि तशी नाहीस म्हणूनच तुला लिहिते.

वहिनी


११ जून

टिटवे,

आता माझा फोन तू उचलतेस, तरी गेले चार दिवस मी मुद्दाम काही बोलले नाही. विचारलंस तेव्हा "अजून बघितलं नाही" म्हटलं. धादांत खोटं. माझा नाइलाज होता, घरातून हुकूम होता. तुझा दादा म्हणाला, पत्रातच लिही.

वारा फिरला, पाणी निवलं, तशी आम्ही होडी काढली. आई हट्टाने बरोबर आल्या, मधल्या फळीवर राणीसारख्या बसून. आधी बाहेरच्या बीच्या माळा काढल्या. वर घेतानाच हाताला हलक्या लागल्या. वाजवल्या, खडखडाट. इथेतिथे एखादं जिवंत. बाकी सगळी आ वासून. मी डोळे मिटून घेतले.

मग आपल्या. तुझ्या दादाने पहिली माळ ओढली आणि ती ओढताना त्याचा दंड ताणला गेला. जड होती. दोन कालवं तोडून त्याने एकमेकांवर आपटली. टिटवे, तो आवाज! दगडावर दगड. दुसरी माळ, तिसरी माळ. मध्ये मध्ये मेलेलीही होती, नाही असं नाही, पण दहातली सात-आठ तरी ओठ मिटून बसलेली. छोटी आहेत, नेहमीच्या बीपेक्षा खुरटी. पण आहेत. तो शेवटच्या तराफ्यापर्यंत वाजवत गेला.

मग होडीत बसला आणि ओंजळीने तोंडावर पाणी मारत राहिला. आई म्हणाल्या, "काय झालं रे? काय म्हणतायत?"

"आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"आई, आहेत! जिवंत आहेत!" खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं असेल. आई म्हणाल्या, "मग ओरडतोस कशाला? मला ऐकू येतं."

आता शेजारचे तराफेवाले रोज येऊन बसतात, आम्हालाही बी द्या म्हणून. तो सगळ्यांना सांगतो, देईन, पण भुलू नका, यांनाही शेवट आहे, याहून पाणी तापलं तर यांचंही सांगता येत नाही. अगदी तुझे शब्द. एकाने विचारलं, मग तो शेवट कुठे आहे ते कळणार कसं? तर म्हणाला, "त्यासाठी बघणारं माणूस इथे लागेल. आहे आमच्या घरात एक. सध्या बाहेरगावी आहे."

मी चुलीपाशी होते. हातातला चमचा खाली ठेवला. सध्या बाहेरगावी, म्हणे! जशी काही तू भाजी आणायला गेलीयेस.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. त्याच्याच हातात दिलंय. तो आज रात्रीच्या गाडीत बसतोय. बरोबर ओल्या पोत्यात गुंडाळलेली कालवं आहेत, वाटेत दर स्टेशनला उतरून त्यांच्यावर पाणी शिंपडायचं म्हणाला, शेजारच्या प्रवाशांचं काय होईल देव जाणे. शर्ट नवा आहे, त्याची घडी मोडलेली नाही. तुझा पत्ता त्याने मला विचारला नाही. त्याला पाठ होता.

माफी मागणार नाही तो. मागता येत नाही त्याला. सुरी कुठे आहे विचारेल, कालवं उघडून तुझ्यापुढे ठेवेल आणि तू पहिलं खाईपर्यंत बघत बसेल. तेव्हा तूही तुझा ताठा जरा बाजूला ठेव.

बाकीचं नंतर वाच. पत्र हातात देऊन तो अजून दारातच उभा असेल. आधी त्याला आत घे.

वहिनी